विंडोज शेवटी बदला, आधी बाकीचं सगळं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्याच्या आधीचे काही महिने आमच्या घरच्या लॅपटॉपवर अधूनमधून अख्खी स्क्रीन भरून नोटीस यायची की हा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही, आणि बाबा दर वेळी मला हाक मारून विचारायचे, "पात्र नाही म्हणजे काय रे, नापास झालाय का हा?" लॅपटॉप २०१७ चा, सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, मधे एसएसडी टाकून घेतलेली, म्हणजे चालायला टकाटक. पण मायक्रोसॉफ्टची यादी इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून सुरू होते आणि वर टीपीएम २.० ही सिक्युरिटीची चिप पण लागते, त्यामुळे आमचं गाडं तिथंच अडलं. एक वर्ष जादा सिक्युरिटी अपडेट्स मिळणार होते खरे, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडावं लागणार होतं, आणि बाबांना अजून एक अकाउंट, अजून एक पासवर्ड म्हणजे डोक्याला ताप.

तर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकायचं ठरलं. पण मी एकदा या खड्ड्यात पडलेलो आहे. २०१९ मधे उत्साहात शनिवारी सगळं पुसून लिनक्स टाकलं आणि मंगळवारी परत विंडोजवर, कारण एकाच दिवशी ब्राउझर नवीन, ऑफिस नवीन, टायपिंग नवीन, प्रिंटर गायब, आणि बुधवारी रिटर्न भरायची शेवटची तारीख. म्हणून या वेळी क्रम उलटा केला. विंडोजवरच बसून एकेक सॉफ्टवेअर बदलत गेलो. फायरफॉक्स (ब्राउझर), लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलची कामं), व्हीएलसी (व्हिडिओ), कीपासएक्ससी (पासवर्ड), गिम्प (फोटो) हे सगळं विंडोजवरही चालतं आणि लिनक्सवरही, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी जेव्हा खालची सिस्टीम बदलली तेव्हा बाबांच्या दृष्टीनं फक्त स्टार्टचं बटण बदललं होतं. हे सगळं लिहितोय ते त्याच क्रमानं लिहितोय.

सुरुवात ब्राउझरपासून करा असं सगळे सांगतात. मी म्हणतो सुरुवात पीडीएफपासून करा. कसंय, आपल्याकडे प्रायव्हसीची खरी वाट तिथं लागते. कुठलाही फॉर्म घ्या, फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, आधार-पॅन एकाच पीडीएफमधे जोडून अमुक केबीच्या आत. मग आपण काय करतो, सर्च करतो, पहिली जी फुकट साइट येते तिच्यावर आधार, पॅन, मार्कशीट, सहीचा फोटो, सगळं बिनधास्त टाकतो. तासाभरात फाइल डिलीट करतो असं तिथं लिहिलेलं असतं, ते खरंही असेल, पण तपासणार कोण? ज्या माणसाला आपण घराची किल्ली देणार नाही त्याला आधारची कॉपी देऊन मोकळे.

फोटो आणि सहीसाठी गिम्प घ्या. दिसायला ते विमानाच्या कॉकपिटसारखं आहे, पण आपल्याला त्यातली तीनच बटणं लागतात. फोटो उघडा, वर इमेज मेनूमधे स्केल इमेज आहे तिथं रुंदी ३०० पिक्सेलच्या आसपास करा, फॉर्मनं ठरावीक माप दिलं असेल तर तेच टाका, मग फाइल मेनूतून एक्स्पोर्ट अ‍ॅज करून फाइलच्या नावाच्या शेवटी .jpg लावा. आता क्वालिटीचा स्लायडर येतो, आणि तिथंच प्रिव्ह्यू दाखवायची एक चौकट असते तिच्यावर टिक केलं की फाइल किती केबीची होणार ते लगेच दिसतं. स्लायडर खाली ओढत जायचं, ४८ केबी दिसलं की थांबायचं, बास. माझ्या भाचीनं हे एकदा बघितलं आणि आता तिच्या हॉस्टेलवर सगळ्या मुली परीक्षांचे फॉर्म भरताना तिच्याकडे फोटो घेऊन येतात.

पीडीएफची पानं जोडायला, फिरवायला, काढून टाकायला पीडीएफ अरेंजर आहे, पानं पत्त्यांसारखी ओढून इकडची तिकडे करता येतात. साइज कमी करायला लिब्रेऑफिसमधलं ड्रॉ वापरतो मी: पीडीएफ त्यात उघडायची, फाइल मेनूतून एक्स्पोर्ट अ‍ॅज पीडीएफ, तिथं जेपीईजी कॉम्प्रेशन ९० टक्के असतं ते ६० वर आणायचं आणि रिझोल्यूशन ३०० चं १५० करायचं. हे स्कॅन केलेल्या पानांनाच करा, टाइप केलेल्या पीडीएफमधे फॉन्ट इकडचे तिकडे होतात आणि मराठी असेल तर बघायलाच नको. आणि जिथं चालत असेल तिथं आधारची मास्क केलेली कॉपीच द्या, शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या साइटवरून ती थेट डाउनलोड होते.

फोनवरून लॅपटॉपवर फाइल टाकायला आमच्याकडे जो तो स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करायचा. त्याच्या आधी शेअरइट होतं, ते आणि कॅमस्कॅनर दोन्ही जून २०२० च्या त्या ५९ अ‍ॅपच्या बंदीत गेले. आता लोकलसेंड टाकलंय. एकाच वायफायवर दोन्ही मशीन असली की झालं, अकाउंट नाही, जाहिरात नाही, फाइल घराबाहेर जातच नाही. फोटोची क्वालिटी पण तशीच राहते. इतकं सुटसुटीत सॉफ्टवेअर मी गेल्या कित्येक वर्षांत बघितलेलं नाही.

आता ब्राउझर. फायरफॉक्स टाका, त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. नावात ओरिजिन आहे ना ते बघून घ्या, नुसतं युब्लॉक नावाचं वेगळंच काहीतरी आहे. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून तिथं मूळ युब्लॉक ओरिजिन चालत नाही, लाइट नावाचं हलकं व्हर्जन मिळतं, फायरफॉक्सवर मात्र पूर्ण चालतं, आणि मला विचाराल तर क्रोम सोडायला हे एकच कारण पुरे. मराठी पेपरांच्या साइट एकदा युब्लॉकशिवाय आणि एकदा त्याच्यासकट उघडून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. बाबांना वाटलं पेपरनं साइट नवीन केली.

गोची कुठं होते तेही सांगतो. बँकेचं पेमेंट करताना ओटीपीचं पान उघडत नाही किंवा गोल गोल फिरत बसतं. घाबरायचं नाही, युब्लॉकच्या लाल ढालीवर क्लिक करून मोठं पॉवरचं बटण दाबायचं, तेवढ्या साइटपुरतं ते बंद होतं. तरी नाही झालं तर अ‍ॅड्रेस बारच्या डावीकडे फायरफॉक्सची स्वतःची ढाल असते ती त्या साइटपुरती बंद करा. आणि सेटिंग्जमधे जाऊन स्पॉन्सर्ड शॉर्टकट्स आणि डेटा कलेक्शनच्या टिका काढून टाका, फायरफॉक्स झालं म्हणून सगळं आपोआप सोवळं होतं असं नाही. ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना बघायला खुला, त्यामुळे चोरून काही करणं अवघड जातं, एवढाच त्याचा अर्थ. डिफॉल्ट सेटिंग्ज आपणच बघायच्या.

बुकमार्क फायरफॉक्स स्वतःच ओढून घेतो. पासवर्ड मात्र क्रोममधून सीएसव्ही फाइलमधे एक्स्पोर्ट करून आणावे लागतात, आणि इथं नीट लक्ष द्या. त्या सीएसव्हीमधे तुमचे सगळे पासवर्ड साध्या अक्षरात लिहिलेले असतात, कुणीही उघडून वाचेल. म्हणून एक्स्पोर्ट, इम्पोर्ट आणि डिलीट ही तिन्ही कामं एका बैठकीत करायची, मधे चहाला उठायचं नाही, आणि नंतर रिसायकल बिन पण रिकामा करायचा. डाउनलोड फोल्डर क्लाउडला सिंक होत असेल तर आधी ते सिंक बंद.

पासवर्ड ठेवायला मी कीपासएक्ससी वापरतो. एक फाइल असते, तिला एक मोठा पासवर्ड, बाकी सगळे तिच्या पोटात. हा मोठा पासवर्ड विसरलात तर विषय संपला, फरगॉट पासवर्डचं बटण नाही आणि कस्टमर केअरही नाही. म्हणून असंबद्ध चार-पाच शब्द घ्या, घमेलं, चकली, रिक्षा, मोगरा असले, आणि इंग्रजी अक्षरात टाइप करा, आणि हो, मी आत्ता लिहिलेले घेऊ नका. तो कागदावर लिहून एफडीच्या पावत्या ठेवता तिथं ठेवा. लोक हसतात यावर, पण तुमच्या कपाटात शिरून पासवर्ड चोरणारा हॅकर अजून मी बघितलेला नाही. ती फाइल पेनड्राइव्हवर पण ठेवा, फोनवर ती कीपासडीएक्समधे उघडते. हे फाइल सांभाळायचं झेंगट नको असेल तर बिटवॉर्डन घ्या, तेही ओपन सोर्स, सिंक आपोआप होतं, फुकटातलं व्हर्जन घरच्या वापराला पुरतं. बायकोनं तेच घेतलंय आणि तिचं काहीही अडलेलं नाही, माझं मात्र दोनदा फोनवर जुनी फाइल राहिल्यामुळे अडलंय.

लिब्रेऑफिस. २०१० मधे ओपनऑफिसमधून फुटून निघालेलं हे, आता जर्मनीतल्या द डॉक्युमेंट फाउंडेशनकडे आहे. टाकल्या टाकल्या दोन गोष्टी करा. व्ह्यू मेनूत यूजर इंटरफेस आहे तिथं टॅब्ड निवडा, म्हणजे वर्डसारखी पट्टी दिसते. आणि टूल्स, ऑप्शन्स, लोड सेव्ह, जनरल इथं जाऊन डिफॉल्ट फॉरमॅट वर्डचा डॉकएक्स करा. शुद्ध ओपन फॉरमॅटचा आग्रह मला तत्त्वतः पटतो, पण बाबांनी सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त ओडीटी या लिब्रेऑफिसच्या मूळ फॉरमॅटमधे सेव्ह करून सेक्रेटरींना पाठवलं, त्यांच्या फोनवर ते उघडेना, त्यांनी ग्रुपवर टाकलं "फाइल करप्ट आहे", आणि पुढचे दोन दिवस अठ्ठेचाळीस फ्लॅट मिळून चर्चा. ज्याला बदल करायचा नाही त्याला सरळ पीडीएफ पाठवा.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी अजून एक, जे कुणी सांगत नाही. ऑप्शन्समधे लँग्वेजेस अँड लोकेल्स खाली कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट आहे, तिथं मराठी निवडा. लिब्रेऑफिस इंग्रजी आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा धरतं, त्यामुळे स्टाइलमधे इंग्रजीचा फॉन्ट १४ केला तरी मराठी आपलं १२ वरच राहतं आणि माणूस वेडा होतो. स्टाइलच्या खिडकीत खालचा सीटीएलचा, म्हणजे त्याच कॉम्प्लेक्स टेक्स्टचा भाग असतो, मराठीचा फॉन्ट आणि साइज तिथं बदलायचा. भाषा मराठी लावण्याचा दुसरा फायदा म्हणजे काही चांगल्या फॉन्टमधे ल आणि श आपोआप मराठी वळणाचे येतात. हिंदीचा तो उभ्या दांड्याचा ल बघून बाबांच्या कपाळावर आठी यायची, चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेला माणूस. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त आणि आयआयटी मुंबईचा शोभिका हे दोन्ही ओपन फॉन्ट आहेत, टाकून बघा.

एक्सेलचं थोडक्यात: सोसायटीचा हिशेब, घरखर्च, मुलांचे मार्क हे लिब्रेऑफिसच्या कॅल्कमधे व्यवस्थित चालतं, मॅक्रोवाल्या फाइली चालतील असं धरून बसू नका. व्हिडिओला व्हीएलसी, ते बहुतेकांकडे आधीच आहे. २०२२ मधे त्यांची साइट आपल्याकडे काही महिने ब्लॉक होती, नोव्हेंबरमधे उघडली, त्यामुळे ज्यांनी तेव्हा भलत्याच साइटवरून उतरवलंय त्यांनी ते काढून मूळ साइटवरून परत टाका.

फोनच्या नादी फार लागू नका. यूट्यूब बघून कस्टम रॉम, म्हणजे फोनवर दुसरीच सिस्टीम, टाकायला जाल आणि बँकेचं अ‍ॅप म्हणेल तुमचा फोन सुरक्षित नाही, मग भाजीवाल्यासमोर यूपीआयसाठी उभे. आहे त्या अँड्रॉइडवर प्रायव्हसीच्या सेटिंगमधे अ‍ॅड्समधे जाऊन जाहिरातीची आयडी डिलीट करा, एफ-ड्रॉइड हे ओपन सोर्स अ‍ॅपचं दुकान टाकून त्यातून ओटीपी कोडसाठी एजिस घ्या, नकाशाला ऑरगॅनिक मॅप्स घ्या, ताम्हिणीत रेंज नसताना तोच कामाला येतो. सिग्नल टाका पण अख्ख्या खानदानाला ओढायला जाऊ नका. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या पॉलिसीवरून सगळे सिग्नलवर आले होते, आठवतंय, आणि होळीपर्यंत सगळे परत. आमच्याकडे सिग्नलवर चौघंच आहोत, बँकेचं, तब्येतीचं बोलणं तिथं, गुड मॉर्निंगची फुलं व्हॉट्सअ‍ॅपवर. चाललंय छान.

आता विंडोज काढायच्या आधी खरं खरं उत्तर द्या: तुमचं काय अडणार आहे? टॅली वापरत असाल तर ते विंडोजचंच सॉफ्टवेअर आहे. डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन लावून जीएसटी किंवा कंपनीचं काही फाइल करत असाल तर त्या टोकनची आणि एमसाइनर या डिजिटल सही करायच्या सॉफ्टवेअरची सगळी मांडणी विंडोज धरूनच असते, तिथं हुशारी करू नका. प्रोप्रायटर असाल तर ओटीपीवर भागतं, ते कुठल्याही ब्राउझरमधे होतं. ऑटोकॅड, फोटोशॉपवाल्यांनी विंडोज ठेवावं. प्रिंटर आधी तपासा, एचपीचे बरेचसे लगेच चालतात, काही जुने लेझर प्रिंटर मात्र रडवतात. आमच्या दादाचं दुकान आहे, त्याच्या मशीनवर मी विंडोजच ठेवलंय, फक्त वर फायरफॉक्स, कीपासएक्ससी, लिब्रेऑफिस, आणि त्यानंही बराच फरक पडतो.

काहीच अडत नसेल तर लिनक्स मिंट, सिनेमन एडिशन. दुसरी नावं शोधत बसू नका, महिना जातो त्यात. अधिकृत साइटवरून जवळजवळ तीन जीबीची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खं मिंट एकाच फाइलमधे, उतरवा आणि तिचा चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते सांगणारा आकडा, तपासा. कंटाळा येतो, माहितीये, पण फेब्रुवारी २०१६ मधे मिंटचीच साइट हॅक होऊन लोकांना मागचं दार, म्हणजे हॅकरला गुपचूप आत शिरायची वाट, ठेवलेली फाइल मिळाली होती. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ हा चेकसम काढा आणि साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा, पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं नाही, सगळी. मग रुफस हे छोटं सॉफ्टवेअर वापरून ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका, पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, त्यात लग्नाचे फोटो नाहीत ना ते बघा.

लॅपटॉप चालू करताना डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप दाबत राहिलात की पेनड्राइव्हवरून चालू करायचा पर्याय येतो. आता इन्स्टॉल न करता मिंट नुसतं चालवून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, झाकण बंद करून परत उघडणं, प्रिंट. हे सगळं बघितल्याशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबू नका. पेनड्राइव्हवरून ते जरा रेंगाळतं, त्यावरून स्पीडची परीक्षा करू नका.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर घ्या, नाहीतर नंतर विंडोज ४८ आकडे मागतं आणि आपण बसतो. फास्ट स्टार्टअप पण बंद करा. आणि बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून बाजूला ठेवा, लावलेली ठेवू नका, घाईत तीच फॉरमॅट करणारे महाभाग आहेत.

बॅकअपमधे मी काय विसरलो माहितीये? फॉन्ट. बाबांची २०१३ पर्यंतची इतिवृत्तं जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधे टाइप केलेली. तो फॉन्ट नसला की अख्ख्या पानावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांची खिचडी. मी फायली सगळ्या घेतल्या होत्या, विंडोजच्या फॉन्ट फोल्डरकडे बघितलंच नाही, चूक शंभर टक्के माझी. बाबा काही बोलले नाहीत, नुसते त्या पानाकडे बघत बसले, ते जास्त लागलं. शेवटी माळ्यावर जुन्या सीडींच्या डब्यात त्यांनी विकत घेतलेल्या फॉन्टची सीडी सापडली, शेजाऱ्यांकडून सीडी ड्राइव्ह आणला आणि जीव भांड्यात पडला. तेव्हा श्रीलिपी, कृतिदेव असलं काही वापरत असाल तर ते फॉन्ट आधी कॉपी करा, आणि फाइल चांगली दिसतीये तोवर एकेक पीडीएफ करून ठेवा.

इन्स्टॉल वीसेक मिनिटांत होतं. व्हिडिओ-गाणी चालायला लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेक्सवर टिक करा. डिस्क पूर्ण पुसून टाकत असाल तर एन्क्रिप्शनचा पर्याय निवडा, लॅपटॉप रिक्षात राहिला तरी आतलं कुणाला वाचता येत नाही. झालं की अपडेट मॅनेजर चालवा आणि टाइमशिफ्ट चालू करा, काही बिघडलं तर सिस्टीम कालच्यासारखी करता येते, पण त्यात तुमच्या स्वतःच्या फायली नसतात हे लक्षात असू द्या.

राहिलं मराठी टायपिंग. इन्स्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमधून लेआउट जोडला की काम झालं. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणारे असाल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन हे टायपिंगचं सॉफ्टवेअर टाका, लॉग आउट करून परत या, आयबसच्या प्रेफरन्सेसमधे मराठी उघडा, तिथं फोनेटिक, आयट्रान्स आणि चक्क गमभन पण दिसेल. जुन्या मराठी साइटींवर ज्यांनी रात्र रात्र लिहिलंय त्यांची बोटं तिथं आपोआप चालतात. विंडोजचं बटण आणि स्पेस एकदम दाबलं की भाषा बदलते. फोनसारखी शब्द सुचवायची सोय इथं नाही, पहिला आठवडा चिडचिड होणार, ऱ्या आणि ॲ कुठल्या बटणांवर आहेत ते कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा. बाबांच्या लॅपटॉपवर ती पिवळी चिठ्ठी अजून आहे, गेल्या महिन्याचं इतिवृत्त त्यांनी तिच्याकडे न बघता टाइप केलं, फक्त "कार्यकारिणी" ला अजून दर वेळी अडतात.

आणि तो मिंटचा पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, वर नाव लिहून खणात टाकून ठेवा. कधी लॅपटॉप चालूच झाला नाही तर त्याच्यावरूनच चालू करून फायली बाहेर काढता येतात.